भूकंप तरंगांचे क्षीणन

भूकंप तरंगांचे क्षीणन म्हणजे भूकंपाच्या नाभीपासून दूर जाताना तरंगांचा परमप्रसर व ऊर्जा कमी होत जाणे. एखाद्या ठिकाणी जमीन किती हादरेल, हे भूकंपाच्या आकाराबरोबरच क्षीणनावर अवलंबून असते.

कारणे

भूमितीय विस्तार : तरंग जसजसा पसरतो, तसतशी तीच ऊर्जा अधिक मोठ्या क्षेत्रात विभागली जाते. पृथ्वीच्या अंतर्भागातून जाणाऱ्या तरंगांचा परमप्रसर अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो. पृष्ठतरंगांचा अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. त्यामुळे पृष्ठतरंग अधिक दूरवर टिकतात.

शोषण : खडकांतील कणांच्या घर्षणामुळे आणि भेगांतील पाण्याच्या हालचालीमुळे ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते.

प्रकीर्णन : भेगा, प्रस्तरभंग व असमान थरांवर आदळून तरंग विखुरतात. यात ऊर्जा नष्ट होत नाही. ती मागाहून, लांबलेल्या कंपनांच्या रूपाने पोहोचते.

गुणवत्ता गुणांक

शोषण व प्रकीर्णन यांमुळे होणारी घट ‘क्यू’ या गुणांकाने मोजतात. क्यू जितका मोठा, तितके क्षीणन कमी. थंड, अखंड खडकात तो मोठा, तर भेगाळलेल्या किंवा तप्त खडकात लहान असतो. ही घट प्रत्येक आवर्तनागणिक होत असल्याने उच्च कंप्रतेची कंपने आधी विरतात.

महाराष्ट्रातील उदाहरण

११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगर परिसरात आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी येथे विनाशकारी भूकंप झाले. कोयनानगरपासून सरळ रेषेत बारामती सुमारे १२० किमी, तर इंदापूर सुमारे १५५ किमी आहे. किल्लारीही इंदापूरपासून साधारण तितकीच दूर आहे.

कोयनेहून निघालेला दुय्यम तरंग सेकंदाला ३.५ किमी वेगाने बारामतीस सुमारे ३४ सेकंदांत पोहोचेल. नाभीपासून १० किमीवरील परमप्रसराच्या तुलनेत, केवळ भूमितीय विस्तारामुळे तो बाराव्या हिश्श्यावर येईल. उदाहरणादाखल क्यू ५०० धरल्यास, विस्ताराव्यतिरिक्तच्या घटीनंतर १ हर्ट्‌झ कंपनाचा सुमारे ८१ टक्के, तर ५ हर्ट्‌झ कंपनाचा केवळ ३४ टक्के परमप्रसर उरेल.

महत्त्व

दूरच्या भूकंपात म्हणूनच संथ कंपने प्रबळ ठरतात. ठेंगण्या घरांपेक्षा उंच इमारती व साखर कारखान्यांची धुराडी यांना ती अधिक जाणवू शकतात. द्वीपकल्पीय भारताचे कवच प्राचीन व थंड असल्याने येथील धक्के दूरवर जाणवतात. शिवाय नदीकाठच्या मऊ गाळात तरंगांचा वेग घटून परमप्रसर वाढतो. केवळ अंतरावरून एखादे गाव सुरक्षित ठरवता येत नाही. बांधकामापूर्वी जमिनीची तपासणी आवश्यक ठरते.