बोली लागली, निवड कुठे?

महाड-पोलादपूरपासून मुंबईपर्यंत चांगल्या कबड्डीपटूची धाव पूर्वी नोकरीपर्यंत असे. एअर इंडिया, महिंद्रा, भारत पेट्रोलियमच्या संघात जागा मिळाली की संसार मार्गी लागे. 2014 साली प्रो कबड्डी लीग आली आणि खेळाडूंवर बोली सुरू झाली. 2019 च्या लिलावात कोल्हापूर जिल्ह्यातल्या सिद्धार्थ देसाईला तेलुगू टायटन्सने 1.45 कोटींना घेतले. एवढा पैसा मिळतो, मग तक्रार कसली, असे कोणी म्हणेल. पण ही रक्कम संघांच्या चढाओढीतून येते. कुठे खेळायचे हे खेळाडू ठरवत नाही. अमेरिकी बेसबॉलमध्ये हाच हक्क मागणारा खेळाडू कर्ट फ्लड 1972 साली सर्वोच्च न्यायालयात हरला, तरी 1975 च्या लवादाने करार संपलेल्या खेळाडूंना संघ निवडण्याची वाट मोकळी केली. त्यामागे खेळाडूंची भक्कम संघटना होती. कबड्डीपटूंनीही आधी तीच उभारावी.