खारं पाणी, गोडं पाणी

मंडळी, मी इतिहासाची मास्तरीण. विज्ञानात चुकले तर वाचकांतल्या डॉक्टरांनी खुशाल कान धरावा.

अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४७० च्या दशकात आमच्या दाभोळहून होर्मुझला जायला जहाजात बसला, हे मी वर्गात वर्षानुवर्षं सांगितलं. महिनाभर त्याला जमीन दिसली नाही आणि जहाज लागलं ते इथिओपियाच्या किनाऱ्याला. एकदा एका मुलीने विचारलं, "बाई, त्यांचं पाणी संपलं असतं तर समुद्राचं प्यायले असते?" "खारट असतं ते," म्हणून मी पुढचं पान उलटलं.

खारट म्हणजे किती? लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार. इतकी खारट लघवी माणसाच्या मूत्रपिंडाला करताच येत नाही. त्यामुळे लिटरभर समुद्राचं पाणी प्यायलं तर त्यातलं मीठ बाहेर टाकायला लिटरहून जास्त पाणी लागतं, आणि ते जातं अंगातलं. रक्त खारट झालं की पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं. कैरीच्या फोडींना मीठ चोळल्यावर पाणी सुटतं ना, तसंच. एरवी हीच मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात घालतात. इतका काटकसरी कारभारी मी तरी पाहिला नाही.

हे वाचताना मला धाकटा भाऊ आठवला. मी आठ वर्षांची होते. त्याला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. पोटात टिकत नाही तर पाणी द्यायचं कशाला, असं मोठ्यांचं म्हणणं. तो पाणी मागत होता. संध्याकाळी त्याची लघवी थांबली. आजी म्हणाली, "बरं झालं, तेवढंच पाणी अंगात राहील." एका परीने ती बरोबरच बोलली. मूत्रपिंडं उरलंसुरलं पाणी धरून बसली होती. पहाटे तो गेला.

१९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांत कॉलरा पसरला. बंगालमधल्या बनगावला सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांत भरलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजलं. आतड्यात साखर आत शिरताना मिठाला सोबत नेते आणि त्यांच्यामागोमाग पाणी जातं. कॉलऱ्यातसुद्धा ही वाट बंद होत नाही. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत गेलं होतं, ते चार टक्क्यांच्याही खाली आलं. डॉक्टर २०२२ साली वारले. पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, मरणोत्तर. असो.

लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आमच्या भावाच्या वेळी हे फार थोड्यांना ठाऊक होतं, म्हणून मी कोणाला दोष देत नाही. पण फडताळात मीठ होतं, साखर होती, आणि विहीर परसातच होती.

त्या मुलीला आता नातवंडंही असतील. ती हे वाचत असेल, तर बाईंनी उत्तर द्यायला उशीर केला म्हणून रागावू नकोस गं.