नकाशांतील बिंदु आणि त्याचें प्रमाण

इ. स. १८०२ मध्यें लॅम्बटननें मद्रासेजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला. तेव्हांपासून शास्त्रशुद्ध नकाशा करणें हें सरकारी खात्याचेंच काम, असें दीर्घकाळ समजलें जात असे. ती समजूत आतां उरली नाहीं. २००२ मध्यें गॅरी शर्मन यांनीं क्यूजीआयएस ही संगणक-प्रणाली रचण्यास घेतली; २००४ मध्यें इंग्लंडांत स्टीव्ह कोस्ट यांनीं ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनींच भरावयाचा नकाशा सुरू केला; २०११ मध्यें युक्रेनचे व्लादिमिर अगाफोन्किन यांचें लीफलेट निघालें. तिन्ही साधनें विनामूल्य व मुक्त आहेत. पहिलीनें जुना नकाशा अक्षांश-रेखांशांवर बसवावा, दुसऱ्याचा पाया घ्यावा, आणि तिसऱ्यानें तो पडद्यावर असा मांडावा कीं, वाचकानें बिंदूवर बोट ठेवतांच टिपण उघडावें.

साठी उलटल्यावर आम्हीं ही विद्या शिकण्यास घेतली. पहिल्याच दिवशीं आमचा रायगड नॉर्वेच्या उत्तरेस समुद्रांत जाऊन पडला! शोध करितां आढळलें कीं, जिओजेसन पद्धतींत रेखांश आधीं लिहावयाचा असतो, लीफलेटमध्यें अक्षांश. आम्हीं १८ व ७३ यांचा क्रम उलटा दिला होता.

ही चूक तत्काळ दिसली, म्हणून ती निरुपद्रवी. खरें भय न दिसणाऱ्या चुकीचें आहे. जानेवारी १७७९ मध्यें इंग्रजांनीं ज्या वडगांवीं तह केला, तें मावळांतील वडगांव होय. परंतु पुण्याच्या आसमंतांत वडगांव शेरी आहे, वडगांव बुद्रुकहि आहे. नुसत्या नांवावरून दिलेला बिंदु यांपैकीं एखाद्यावर पडला, तरी नकाशा तितकाच सुबक दिसेल आणि पाहणारास संशयहि येणार नाहीं. पत्रांतील संदिग्धता वाचकास जाणवते. बिंदूस मात्र ‘बहुधा’ म्हणतां येत नाहीं.

यास्तव आमची सूचना अशी कीं, प्रत्येक बिंदूबरोबर त्याचें प्रमाण नोंदवावें. नैयायिकांची परिभाषा येथें उपयोगी पडते. स्थळ स्वतः पाहिलें असल्यास प्रत्यक्ष. कागदांत स्पष्ट निर्देश असल्यास शब्द. नदी, घाट व मजलांचें अंतर यांवरून ठरविलें असल्यास अनुमान. तिहींस तीन रंग द्यावे व टिपणांत मूळ कागदाचा निर्देश करावा. छापील नकाशांतील चूक पिढ्यान्‌पिढ्या टिकते. मुक्त नकाशांतील चूक कोणासहि सुधारतां येते, पण मूळ विधान कशावर आधारलें होतें हें लिहिलें असेल तरच. साधनें विनामूल्य मिळालीं. पुरावा मात्र पूर्वींप्रमाणेंच कष्टानें मिळवावा लागेल.