अल्पवयीन माता आणि शाळेचे दार

सातारा व सांगली हे आपल्या पुणे धर्मप्रांतातील दोन जिल्हे. स्त्रीशिक्षणाच्या अग्रणी सावित्रीबाई फुले यांचा जन्म १८३१ साली सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. अडचणीत सापडलेल्या गरोदर विधवांसाठी फुले दांपत्याने १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापून गरिबाच्या मुलांना शाळेत आणले. आसरा आणि शाळा या दोन्ही गोष्टींची गरज आज अल्पवयीन मातेला आहे.

प्रश्नाचे स्वरूप

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह १८ वर्षांपूर्वीच झालेला होता. १५ ते १९ वयोगटातील ७.६ टक्के मुली माता झालेल्या वा गरोदर होत्या. या दोन जिल्ह्यांच्या साखरपट्ट्यात दरवर्षी मराठवाड्यातून ऊसतोड मजूर येतात. पतिपत्नींच्या जोडीला ‘कोयता’ मानून उचल दिली जाते. त्यामुळे मुलींचे विवाह लवकर उरकले जातात आणि शाळा सुटते.

कायदा काय सांगतो

बालविवाह प्रतिबंध अधिनियम २००६ नुसार १८ वर्षांखालील मुलीचा विवाह लावणे गुन्हा आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अशा मुलीवरील लैंगिक अत्याचाराची माहिती ज्याला कळेल त्याने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. मुलगी विवाहित असली तरी हे बंधन टळत नाही. ही भीती पुष्कळ कुटुंबांना शाळेपासून दूर नेते. म्हणून मुख्याध्यापकांनी प्रकरण दडपू नये, तसेच गावभर चर्चाही होऊ देऊ नये. मुलीची ओळख गुप्त राखणे हेही कर्तव्यच आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कोणत्याही बालकास शाळेतून काढता येत नाही. नववी-दहावीच्या मुलीला हे संरक्षण नाही. तेथे शाळेच्या विवेकाची कसोटी लागते. पालकांवर दबाव आणून शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला लावणे हा अन्यायच होय.

शाळेला करता येण्यासारखे

पुढील व्यवस्थेसाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही.

१. मुलीला विश्वास वाटेल अशी एक शिक्षिका नेमावी. गावातील आशा सेविका, प्राथमिक आरोग्य केंद्र व अंगणवाडी यांच्याशी तिने संपर्क ठेवावा. गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीतून पूरक आहार मिळतो.

२. बाळंतपणाच्या काळात अभ्यास घरी पोहोचवावा. हजेरी कमी भरल्यास कोल्हापूर विभागीय मंडळाशी वेळीच पत्रव्यवहार करावा. शाळा सुटलीच, तर १७ नंबरचा अर्ज भरून दहावी-बारावीची परीक्षा खासगीरीत्या देता येते.

३. शाळेत परतल्यावर बाळाला पाजण्यासाठी वेळ व आडोसा द्यावा. वर्गात टोमणे चालू देऊ नयेत.

४. जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीचे साहाय्य घ्यावे. बाळाचे संगोपन शक्यच नसेल, तर समितीसमोर रीतसर स्वाधीन करता येते. त्यानंतर फेरविचारासाठी साठ दिवस मिळतात. तातडीच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

ख्रिस्तसभेची भूमिका

गर्भधारणेच्या क्षणापासून जीवन पवित्र आहे, अशी आपली शिकवण आहे. ती सांगणाऱ्यांनी त्या मातेचा भारही वाहिला पाहिजे. आईवडिलांचा विवाह झालेला नाही एवढ्याच कारणाने बालकाचा स्नानसंस्कार नाकारता येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धान्त विभागाने एका पत्राद्वारे एकल मातांना ख्रिस्तप्रसादापासून दूर न ठेवण्याचे आवाहन केले.

आपल्या धर्मग्रामांत धर्मभगिनी शाळा, वसतिगृहे व दवाखाने चालवितात. अशा मुलीचे नाव हजेरीपटावर कायम राहावे, ही जबाबदारी आपण सर्वांनी स्वीकारावी, अशी आम्ही नम्र विनंती करतो. तिच्या हाती दहावीचे प्रमाणपत्र आले, तर दोन जीवांचे भवितव्य सावरेल.