केव्हीएम स्विच म्हणजे काय? दोन संगणकांना एकच कीबोर्ड, माऊस आणि मॉनिटर जोडताना काय बघून घ्यावं?

टेबलावर स्वतःचा डेस्कटॉप आणि शेजारी ऑफिसचा लॅपटॉप, अशी जोडी आता बऱ्याच घरांत दिसते. दोन्हींसाठी वेगळा मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस ठेवायला जागा पुरत नाही, आणि रोज केबल काढून घालायची म्हटलं तर पोर्ट खिळखिळे होतात. यावरचा उपाय म्हणजे केव्हीएम स्विच. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माऊस या तीन शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडलं आहे.

बाजारात हजार-दीड हजारापासून पंचवीस-तीस हजारांपर्यंतचे केव्हीएम दिसतात. बाहेरून बहुतेक सारखेच दिसत असले तरी आत बराच फरक असतो. चुकीचा डबा घेतला तर चांगल्या मॉनिटरवरही माऊसचा बाण अडखळत चालतो, किंवा प्रत्येक वेळी संगणक बदलला की उघडलेल्या सगळ्या विंडो विस्कटतात.

हे काम कसं करतं?

मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस स्विचच्या एका बाजूला जोडायचे. दुसऱ्या बाजूने प्रत्येक संगणकाकडे दोन केबल जातात, एक चित्रासाठी आणि एक यूएसबीची. बटण दाबलं की तिन्ही उपकरणं एका संगणकावरून दुसऱ्याकडे जातात. पहिला संगणक बंद होत नाही, त्यावर चालू असलेलं काम चालूच राहतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. केव्हीएम फाइल इकडून तिकडे नेत नाही. त्यात पेन ड्राइव्ह लावला तर तोसुद्धा एका वेळी एकाच संगणकाला दिसतो.

आधी हे तपासा: केव्हीएमची खरंच गरज आहे का?

बहुतेक मॉनिटरना मागे दोन किंवा जास्त इनपुट असतात. दोन्ही संगणक थेट मॉनिटरला जोडून मॉनिटरच्याच बटणाने इनपुट बदलता येतो. मग उरतात फक्त कीबोर्ड आणि माऊस. त्यासाठी साधा यूएसबी शेअरिंग स्विच पुरतो, आणि तो केव्हीएमपेक्षा बराच स्वस्त मिळतो. यात चित्राची केबल स्विचमधून जातच नाही, त्यामुळे चित्राच्या दर्जाची चिंताही राहत नाही. तोटा एवढाच की दोन ठिकाणी बटण दाबावं लागतं. दिवसातून दोन-तीन वेळाच संगणक बदलत असाल तर हा मार्ग सर्वांत बरा. काही मॉनिटरमध्ये तर केव्हीएम आतच बसवलेला असतो, म्हणून आपल्या मॉनिटरचं माहितीपत्रक एकदा वाचून बघा.

दोन्ही संगणकांचे स्क्रीन एकाच वेळी समोर हवे असतील तर सॉफ्टवेअरनेही भागतं. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचं ‘माऊस विदाउट बॉर्डर्स’ आणि मॅक व आयपॅडसाठी अॅपलचं ‘युनिव्हर्सल कंट्रोल’ हे त्याचेच प्रकार. पण यात मॉनिटर वाटून घेता येत नाही, दोन्ही संगणक सुरू होऊन लॉगिन झालेले असावे लागतात, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर असं सॉफ्टवेअर टाकायला सहसा परवानगी नसते.

‘४के’ एवढंच वाचून घेऊ नका

सर्वांत जास्त फसगत इथे होते. खोक्यावर ‘४के’ लिहिलेलं असतं, पण ते सेकंदाला किती चित्रं दाखवतं हे बारीक अक्षरात असतं. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६० पिक्सेल, साधारण ८३ लाख. सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे ६० हर्ट्झ, दाखवायची तर केबलमधून सेकंदाला जवळपास १७.८ गिगाबिट जावे लागतात. एचडीएमआय १.४ ची क्षमता १०.२ गिगाबिट आहे, त्यामुळे त्यावर ४के फक्त ३० हर्ट्झने चालतं. सिनेमा बघताना हे फारसं जाणवत नाही, पण माऊस हलवताना आणि पान सरकवताना लगेच जाणवतं.

म्हणून आपल्या मॉनिटरप्रमाणे निवड करा:

- फुल एचडी, ६० हर्ट्झ: एचडीएमआय १.४ चा स्विच पुरतो. जास्तीचे पैसे घालू नका.
- ४के, ६० हर्ट्झ: एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ हवा.
- १४४० पी, १४४ हर्ट्झ: डिस्प्लेपोर्ट १.२ पुरतो.
- ४के, १२० हर्ट्झ: एचडीएमआय २.१ किंवा डिस्प्लेपोर्ट १.४ लागतो.

केबलही त्याच दर्जाच्या हव्यात. संगणक ते स्विच आणि स्विच ते मॉनिटर अशा दोन केबल लागतात, म्हणजे सिग्नलचा एकूण रस्ता लांबतो. चित्र मध्येच काळं पडत असेल तर स्विचला दोष देण्याआधी छोट्या केबल लावून बघा.

विंडो का विस्कटतात?

प्रत्येक मॉनिटर संगणकाला आपली ओळख देतो: मी अमुक कंपनीचा, एवढी रिझोल्यूशन्स दाखवू शकतो. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. साधा स्विच दुसऱ्या संगणकाकडे वळला की पहिल्याला वाटतं, मॉनिटर काढून घेतला. मग तो सगळ्या विंडो लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर ढकलतो. लॅपटॉप झाकण मिटून वापरत असाल तर तो झोपूही शकतो.

ज्या स्विचमध्ये ईडीआयडी इम्युलेशन असतं, तो मॉनिटरची ओळख स्वतःजवळ ठेवतो आणि दोन्ही संगणकांना कायम देत राहतो. दिवसभर सतत अदलाबदल करणाऱ्यांनी या सोयीसाठी थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही. विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये मॉनिटरनुसार विंडोंच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे. तो सुरू केल्यानेही बराच त्रास कमी होतो.

पोर्ट आणि कीबोर्डच्या अडचणी

दोन्ही संगणकांना कोणते पोर्ट आहेत ते आधी कागदावर लिहा. डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआयकडे नेणारे स्वस्त अडॅप्टर बहुतेक वेळा एकाच दिशेने चालतात, उलटे लावले तर चित्र येत नाही. लॅपटॉपला यूएसबी-सी असलं तरी प्रत्येक यूएसबी-सीमधून चित्र बाहेर येतंच असं नाही. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ किंवा ‘थंडरबोल्ट’ लिहिलंय का ते बघा.

काही स्विच बटणाशिवाय कीबोर्डवरूनही बदलतात, उदाहरणार्थ स्क्रोल लॉक दोनदा दाबून. मात्र अनेक छोट्या कीबोर्डवर आणि मॅकच्या कीबोर्डवर ही कळच नसते. अशा वेळी टेबलावर ठेवता येईल असं वायरचं बटण असलेला स्विच सोयीचा. गेमिंग कीबोर्ड किंवा जास्त बटणांचा माऊस कीबोर्डसाठी राखलेल्या पोर्टमध्ये कधीकधी नीट चालत नाही. तो स्विचच्या साध्या यूएसबी पोर्टमध्ये लावला की बहुधा चालतो, पण मग कीबोर्डवरून संगणक बदलण्याची सोय जाते.

वेबकॅम आणि बाहेरची हार्ड डिस्कही जोडायची असेल तर यूएसबी ३.० चा स्विच घ्या. यूएसबी २.० ची गती सेकंदाला ४८० मेगाबिट, तर ३.० ची ५ गिगाबिट. नुसत्या कीबोर्ड-माऊससाठी २.० भरपूर झालं.

ऑफिसचा लॅपटॉप असेल तर

साधा केव्हीएम दोन संगणकांमध्ये डेटा नेण्यासाठी बनवलेला नसतो. तरी त्यात लावलेला पेन ड्राइव्ह बटणासरशी ऑफिसच्या यंत्रावरून घरच्या यंत्राकडे जातो, आणि घरच्या संगणकावरचा व्हायरसही त्याच वाटेने ऑफिसात पोहोचू शकतो. बँका, संरक्षण किंवा रुग्णांची माहिती हाताळणाऱ्या कार्यालयांचे याबाबत कडक नियम असतात. अशा कामांसाठी वेगळे ‘सिक्युअर केव्हीएम’ मिळतात, ज्यात एका संगणकाकडून दुसऱ्याकडे काहीही जाऊ नये अशी रचना असते. घरी एवढं महाग यंत्र घ्यायची गरज नाही. आपल्या आयटी विभागाला विचारा आणि स्टोरेजची उपकरणं केव्हीएममध्ये लावू नका.

खरेदीआधी पाच प्रश्न

१. किती संगणक आणि किती मॉनिटर? दोन मॉनिटर असतील तर ‘ड्युअल मॉनिटर’ प्रकारच लागतो, आणि प्रत्येक संगणकाकडून चित्राच्या दोन केबल येतात.
२. मॉनिटरचं रिझोल्यूशन आणि हर्ट्झ किती, आणि स्विच दोन्ही देतो का?
३. ईडीआयडी इम्युलेशन आहे का?
४. केबल सोबत येतात की वेगळ्या घ्याव्या लागतात? चांगल्या केबलचा खर्च धरला की स्वस्त स्विच स्वस्त राहत नाही.
५. परत करण्याची मुदत किती दिवसांची?

शेवटचा प्रश्न सोडू नका. प्रत्येक लॅपटॉप, मॉनिटर आणि केबलची जोडी वेगळी वागते. त्यामुळे स्विच आल्याच दिवशी आपल्या दोन्ही संगणकांवर लावून बघा, संगणक झोपवून पुन्हा जागा करून बघा, आणि खोकं आठवडाभर तरी जपून ठेवा.