काळोखातली चांदी आणि शाईचे थेंब

सन १८५५ मध्ये लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने एक चमत्कारिक समिती नेमली. छायाचित्रे फिकी का पडतात, याचा छडा लावणे हे तिचे काम. ही विद्या जाहीर होऊन उणीपुरी १६ वर्षे लोटली होती, तोच तिच्या भक्तांवर ही पाळी आली! व्हिक्टोरिया राणीचे पती प्रिन्स आल्बर्ट यांनी या कामी ५० पौंडांची देणगी दिली. समितीला चोर सापडले ते घरचेच: नीट न धुतलेला हायपो आणि दमट, गंधकयुक्त हवा. आदल्याच वर्षी मुंबईतही फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. आपल्या पावसाळ्यात त्या कागदांचे काय होत असेल, हे वाचकांना सांगायला नको.

ही जुनी हकीकत आज आठवण्याचे कारण असे, की अंधारखोलीत हाताने काढलेली प्रत श्रेष्ठ की यंत्राने शाईचे थेंब उडवून छापलेली, हा वाद रसिकांत अजून मिटलेला नाही.

अंधारखोलीचा पक्ष दुबळा नाही. मंद तांबड्या उजेडात, चांदीच्या क्षारांचा लेप दिलेल्या कागदावर निगेटिव्हमधून प्रकाश पडतो. कुठे हाताची सावली धरून तो अडवायचा, कुठे क्षणभर अधिक पडू द्यायचा, हे छायाचित्रकाराने ठरवायचे. ॲन्सेल ॲडम्स हा अमेरिकन छायाचित्रकार मूळचा पियानोवादक. निगेटिव्ह म्हणजे लिहिलेली स्वरलिपी आणि प्रत म्हणजे प्रत्यक्ष वादन, असे तो म्हणे. हर्नांडेझ गावावरील चंद्रोदयाचे त्याचे चित्र १९४१ चे. पण पुढे कित्येक वर्षे तो त्याच्या प्रती काढीत राहिला. आरंभीच्या प्रतींत आभाळ उजळ आहे, ढग दिसतात. उत्तरकाळच्या प्रतींत तेच आभाळ जवळजवळ काळेभोर झाले आहे. राग एकच, मैफल निराळी!

आता दुसरा पक्ष. ग्रॅहम नॅश या गायकाने १९९१ साली कॅलिफोर्नियात एक छापखाना काढला. त्यातले ‘आयरिस’ यंत्र मुळात छपाईची कच्ची प्रुफे काढण्यासाठी बनवलेले. चित्रकलेचा जाड कागद त्यात मावेना, तेव्हा या मंडळींनी लाखाहून अधिक डॉलरांच्या त्या यंत्रावर चक्क करवत चालवली! ‘इंकजेट’ हे नाव बाजारू वाटेल म्हणून तिथल्याच एका कारागिराने ‘जिक्ले’ हा फ्रेंच वळणाचा शब्द घडवला. अर्थ तोच, पिचकारी; पण वेष दरबारी.

आणि गंमत पाहा, या दरबारी प्रतीही फिक्या पडू लागल्या. १८५५ चेच दुखणे! त्यावरचा उपायही जुन्याच वाटेचा निघाला. जोसेफ स्वान याने १८६४ मध्ये चांदीऐवजी काजळीसारख्या टिकाऊ रंगद्रव्याने छायाचित्रे काढण्याच्या रीतीचे पेटंट घेतले होते. नव्या शतकात विरघळणाऱ्या रंगांची जागा रंगद्रव्याच्या शायांनी घेतली, आणि त्यांतल्या काळ्या शाईत पुन्हा काजळीच आली.

मग श्रेष्ठ कोण? हाताचा स्पर्श खरा. अंधारखोलीत प्रत्येक प्रत नव्याने जन्मते, तर यंत्रात निर्णय एकदा होतो आणि शंभरावी प्रत पहिलीसारखीच निघते. म्हणून पहिलीचे मोल वेगळे मानणाऱ्यास कोणी हसू नये. परंतु काळोखात काढली एवढ्यानेच एखादी प्रत कलाकृती ठरत नाही. कुठे उजेड हवा आणि कुठे सावली, हे जाणणारी नजर लागते. ती असली की चांदी काय अन् शाई काय, दोन्ही तिच्या दासी. ती नसली, तर दोन्ही नुसते रंगवलेले कागद.

दिवाळीच्या साफसफाईत भिंतीवरची जुनी छायाचित्रे खाली उतरतातच. पुन्हा टांगण्यापूर्वी त्यांच्या पाठीवर नावे आणि साल शिसपेन्सिलीने हलकेच लिहून ठेवावे. चित्र टिकले आणि माणूस विसरला गेला, तर त्या टिकण्याला काय अर्थ?