संदेशवहनातील कालविलंब

संदेशवहनातील कालविलंब : संदेश पाठविल्याच्या क्षणापासून तो इष्ट स्थळी पोहोचेपर्यंत लागणारा काळ. तो मुख्यत्वे दोन भागांचा बनलेला असतो : प्रत्यक्ष अंतर कापण्यास लागणारा प्रवासकाल आणि वाटेतील ठाण्यांवर नोंद, पुनःप्रेषण व प्रतीक्षा यांत जाणारा काल. पहिल्या भागास निसर्गनियमाची मर्यादा आहे. दुसरा मनुष्याने केलेल्या व्यवस्थेवर अवलंबून असतो. या दोहोंतील प्रमाण कसे पालटत गेले, हे ठाणे परिसराच्या इतिहासावरून चांगले स्पष्ट होते.

तारायंत्रापूर्वीचा काल : उल्हास नदीच्या खाडीवरील घोडबंदरचा किल्ला मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून १७३७ मध्ये घेतला व मे १७३९ मध्ये वसई जिंकली. या मोहिमेतील वार्ता पुण्यास नेण्याचे काम जासूद व घोडेस्वार करीत. संदेशाचा वेग म्हणजे माणसाचा किंवा घोड्याचा वेग, हे समीकरण पुढेही शतकभर टिकले. मीरत येथे १० मे १८५७ रोजी उठाव झाला. त्याची बातमी लंडनला पोहोचली ती जूनच्या अखेरीस. तोवर दिल्ली उठाव करणाऱ्यांच्या हाती जाऊन दीड महिना लोटला होता. लंडनमध्ये घेतला जाणारा प्रत्येक निर्णय अशा शिळ्या माहितीवर आधारलेला असे.

तारायंत्र : मुंबई, आग्रा, कलकत्ता व मद्रास ही शहरे जोडली जाऊन १८५५ मध्ये भारतात तारसेवा जनतेस खुली झाली. तारेतील प्रवासकाल नगण्य होता. परंतु लांबच्या मार्गावर संदेश मधल्या ठाण्यांत उतरवून घेऊन पुन्हा पाठवावा लागे. त्यामुळे विलंब उरला तो मुख्यतः तारबाबूंच्या हातांचा. समुद्राखालील केबलींत मात्र वेगळी अडचण उद्‌भवली. केबलीच्या विद्युत् धारणेमुळे संकेत पसरट होतात व एकमेकांत मिसळतात. हा परिणाम केबलीच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, असे विल्यम टॉमसन (नंतरचे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५५ मध्ये दाखविले. अटलांटिक महासागरातील १८५८ च्या केबलीवरून व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पाठविण्यास सु. १६ तास लागले. पुढे केबलींची रचना व संवेदनशील ग्राहक उपकरणे यांत सुधारणा झाली. १८७० मध्ये मुंबई–एडन–सुएझ ही केबल पूर्ण होऊन मुंबई समुद्रमार्गे इंग्लंडशी जोडली गेली. महिन्याहून अधिक असलेला विलंब त्यामुळे काही तासांवर आला. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

उपग्रह : पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी उपग्रह संदेशवहनाचे भू-केंद्र सुरू झाले. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सु. ३५,८०० किमी. उंचीवर असतो. रेडिओ तरंग प्रकाशवेगाने (सेकंदास सु. ३ लाख किमी.) जात असले, तरी वर जाऊन खाली येण्यास त्यांना सु. पाव सेकंद लागतो. म्हणून उपग्रहावरील दूरध्वनीत प्रश्न व उत्तर यांमध्ये सु. अर्ध्या सेकंदाची पोकळी जाणवते. कोणत्याही उपकरणाने ती भरून काढता येत नाही.

प्रकाशतंतू व इंटरनेट : काचेच्या प्रणमनांकामुळे तंतूतील प्रकाशाचा वेग निर्वातातील वेगाच्या सु. दोनतृतीयांश, म्हणजे सेकंदास सु. २ लाख किमी. असतो. दर किमी.स ५ मायक्रोसेकंद लागतात. ठाण्यास मुंबई–अहमदाबाद महामार्गाशी जोडणाऱ्या, सु. २० किमी. लांबीच्या घोडबंदर रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यास संकेताला केवळ ०·१ मिलिसेकंद पुरतो. याउलट सेकंदास १ कोटी बिट वाहून नेणाऱ्या जोडणीवर १,५०० बाइटांचे एक पुडके चढविण्यासच १·२ मिलिसेकंद, म्हणजे प्रवासकालाच्या बारापट वेळ जातो. तेथे आधीची पुडकी रांगेत असल्यास विलंब आणखी वाढतो. मुंबई–लंडन हे सरळ अंतर सु. ७,२०० किमी. असल्याने तंतूतून जाऊन परत येण्यास किमान ७२ मिलिसेकंद हवेत. केबली तांबड्या समुद्रातून वळसा घेऊन जात असल्याने प्रत्यक्षात शंभराहून अधिक लागतात.

येथे विचारात घ्यावयाचे अंतर नकाशावरील नसून संकेताने चाललेल्या वाटेचे असते. घोडबंदर रस्त्यावरील शेजारच्या दोन इमारतींतील ग्राहक निरनिराळ्या सेवादात्यांचे असतील आणि त्या सेवादात्यांची जोडणी परदेशातच होत असेल, तर एका घरातील पत्र दुसऱ्या घरी समुद्र ओलांडून येते. देशातील वाहतूक अशी बाहेर जाऊ नये, यासाठी २००३ मध्ये ‘निक्सी’ ही राष्ट्रीय विनिमय संस्था स्थापन झाली. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ दोन समुद्री केबली तुटल्या, तेव्हा भारताची बरीचशी पश्चिमेकडील वाहतूक पूर्वेकडून वळवावी लागली. संकेताचा वेग तोच राहिला; वाट लांबल्याने विलंब वाढला.

सारांश, जवळच्या टप्प्यावरील विलंब हा आज प्रायः व्यवस्थेचा दोष असून तो कमी करता येतो. खंडांतरीच्या टप्प्यावर मात्र अंतर हेच प्रधान कारण ठरते. दूरस्थ यंत्राकडून त्वरित उत्तर हवे असल्यास ते यंत्रच ग्राहकाजवळ आणणे हा खरा उपाय होय. ठाण्याच्या खाडीपलीकडे ऐरोली परिसरात उभी राहिलेली माहिती साठवण केंद्रे ग्राहकांच्या या सान्निध्याचाही लाभ देतात.